चॅटबॉटवरचं बोलणं उतरवून जपायचं तर: साधन निवडण्याची क्रमवार रीत

गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या डिचोलीचे एक गृहस्थ आमच्या वाचनालयात आले. त्यांच्याकडे आजोबांच्या नावाचं, १९६१ पूर्वीचं पोर्तुगीज खरेदीखत होतं. त्यांनी पानापानाचे फोटो काढून एका चॅटबॉटला दाखवले होते आणि चार संध्याकाळी बसून त्याचा मराठी अर्थ लावून घेतला होता. चतुःसीमा, शेजाऱ्यांची नावं, माडांची संख्या, कुठला शब्द पुसट झाल्यामुळे दोन प्रकारे वाचता येतो, सगळं त्यात होतं. जपून ठेवायचं म्हणून त्यांनी शेअरची लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवली होती. पुढे बाजूची यादी फार लांबली म्हणून त्यांनी मूळ संभाषण पुसलं, आणि लिंकही त्याच्याबरोबर गेली. फोटो होते, पण त्या चार संध्याकाळी पुन्हा बसावं लागलं.

शनिवारी मी वाचनालयातल्या संगणकापाशी बसते आणि येणाऱ्यांना अशी कामं करायला मदत करते. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “ताई, एक्स्पोर्टसाठी कुठलं एक्स्टेन्शन घालू?” एक्स्पोर्ट म्हणजे बोलणं फाईल करून बाहेर काढणं, आणि एक्स्टेन्शन म्हणजे त्यासाठी ब्राऊझरला जोडायचं छोटं साधन. पण हा प्रश्न बराच नंतरचा आहे. तो आधी सोडवायला गेलं की पुढचं सगळं चुकतं: नको ते साधन बसवलं जातं, त्याला नको ती परवानगी दिली जाते, आणि हाती येते ती मराठी अक्षरं फुटलेली पीडीएफ. म्हणून खालचा क्रम जसा दिला आहे तसाच पाळा. पहिल्यांदा करताना एक दुपार मोकळी ठेवा आणि शक्यतो मोबाईलऐवजी संगणकावर बसा.

## टप्पा १: हे कशासाठी जपायचं आहे, ते लिहून काढा

कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. माणसं साधारण तीन कारणांसाठी संभाषण जपतात, आणि प्रत्येक कारणाला फाईलचा प्रकार वेगळा लागतो.

पुन्हा वाचायला किंवा कुणाला छापून द्यायला हवं असेल, तर पीडीएफ किंवा वर्डची फाईल. शिक्षिकेने तयार करून घेतलेला पाठ, भजनी मंडळाचं कार्यक्रमपत्र, चतुर्थीच्या माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या) सामानाची यादी ही यात मोडतात.

वर्षभराने त्यातला एखादा शब्द शोधून काढायचा असेल, तर साधा मजकूर, म्हणजे टेक्स्ट किंवा मार्कडाऊन. मार्कडाऊन म्हणजे साधी टेक्स्ट फाईलच असते. शीर्षकाला पुढे हॅशची खूण आणि ठळक अक्षरांना दोन्ही बाजूंना तारका, एवढाच फरक. नोटपॅडमध्येही ती उघडते. आपल्यासारख्या वापरणाऱ्यांना बहुतेक वेळा हीच सर्वांत उपयोगी पडते, आणि नेमकी हीच कुणी मागत नाही.

खातं बंद करायचं असेल, दुसऱ्या चॅटबॉटकडे जायचं असेल किंवा सगळंच्या सगळं साठवायचं असेल, तर जेसॉन. ती माणसाने वाचायची फाईल नव्हे, पण तिच्यात तारीख-वेळेसकट सगळ्यांत जास्त माहिती असते आणि तिच्यापासून बाकीचे प्रकार बनवता येतात. पीडीएफपासून उलट जेसॉन बनवता येत नाही, हे लक्षात ठेवा.

सावधान: जमिनीच्या कामासाठी चॅटबॉटने केलेलं भाषांतर आपल्याला समजून घेण्यापुरतं ठीक. मामलेदार कचेरीत किंवा कोर्टात प्रमाणित भाषांतर लागतं. संभाषणाची सुबक पीडीएफ म्हणजे पुरावा, असं धरून चालू नका.

## टप्पा २: बोलणं कुठे कुठे पडलं आहे, त्याची यादी करा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. मग एक्स्पोर्ट आल्यावर “माझं ते संभाषण यात नाहीच” म्हणून परत येतात. तपासलं की कळतं, ते दुसऱ्याच खात्यात होतं.

यादीत चार रकाने करा: कुठला चॅटबॉट, कुठलं ईमेल खातं, कुठल्या यंत्रावर, आणि त्यात महत्त्वाचं काय. मग हे प्रश्न स्वतःला विचारा:

- मोबाईलवर एका जीमेलने आणि संगणकावर दुसऱ्याने लॉगिन आहे का? घरातल्या मुलांनी खातं काढून दिलं असेल, तर ते कुणाच्या ईमेलवर आहे?
- कचेरीबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात अर्ज करून घेतला होता का? ते संभाषण दुकानदाराच्या खात्यात आहे, तुमच्या नाही. ते तिथूनच कॉपी करून आणायला हवं, आणि लवकर.
- शाळेच्या किंवा कंपनीच्या खात्यावरून बोलला होता का? अशा खात्यांत एक्स्पोर्टचा अधिकार पुष्कळदा व्यवस्थापकाकडे असतो. नोकरी सोडण्याआधी विचारा.
- ‘टेम्पररी चॅट’ चालू होतं का? ते इतिहासात येत नाही, म्हणून एक्स्पोर्टमध्येही येत नाही. ते जपायचं तर खिडकी बंद करण्याआधी कॉपी करणं एवढाच मार्ग आहे.

गूगलचा जेमिनी वापरणाऱ्यांनी इथेच आणखी एक गोष्ट बघावी. त्याच्या ॲक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये संभाषणं आपोआप पुसण्याची मुदत ठरलेली असते. आपण बदलली नसेल तर ती १८ महिने. ती ३ किंवा ३६ महिने करता येते, किंवा आपोआप पुसणं बंदही करता येतं. ॲक्टिव्हिटी ठेवणंच बंद केलेलं असेल, तर संभाषण जेमतेम ७२ तास टिकतं आणि तुमच्या इतिहासात दिसत नाही. दीड वर्षापूर्वीचं काही हवं असेल तर आजच बघा.

## टप्पा ३: आधी कंपनीचा स्वतःचा एक्स्पोर्ट घ्या

बाहेरचं कुठलंही साधन हाताळण्याआधी हे करायचं. फुकट आहे, कुणा तिसऱ्याला परवानगी द्यावी लागत नाही, आणि पुढे साधन निवडताना काही बिघडलं तरी मूळ प्रत हातात राहते.

चॅटजीपीटी: ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये जा, ‘एक्स्पोर्ट डेटा’ दाबा आणि पुष्टी करा. खात्याच्या ईमेलवर डाऊनलोडची लिंक येते. कधी काही मिनिटांत येते, कधी बराच वेळ लागतो. झिप फाईल मिळते. तिच्यात जेसॉनमधली संभाषणं असतात आणि ‘चॅट’ नावाची एचटीएमएल फाईलही असते, जी ब्राऊझरमध्ये उघडून वाचता येते.

क्लॉड: ‘सेटिंग्ज’मधल्या ‘प्रायव्हसी’त ‘एक्स्पोर्ट डेटा’ आहे. हे काम वेबसाईटवरून किंवा संगणकावरच्या ॲपमधून करा, मोबाईल ॲपमध्ये शोधत बसू नका. इथेही ईमेलवर लिंक येते आणि फाईल जेसॉनची असते.

या दोन्हींच्या लिंका २४ तासांत मरतात. सत्तरी-सांग्याकडे पावसात नेट आणि वीज दोन्ही जातात. रात्री मागणी करून दुसऱ्या संध्याकाळी ईमेल बघायचा, असं केलं की मुदत निघून गेलेली असते. ज्या वेळी संगणकापाशी बसणार आहात त्याच वेळी मागणी करा. ईमेल दिसत नसेल तर स्पॅममध्ये बघा. लिंक उघडताना त्याच खात्यात लॉगिन असायला हवं.

जेमिनी: सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा. एक्स्पोर्ट ‘गूगल टेकआऊट’मधून होतो. टेकआऊट उघडलं की गूगलच्या सगळ्या सेवांवर आधीच खुणा केलेल्या असतात. तशाच ठेवल्या तर फोटो, ईमेल, सगळंच्या सगळं यायला लागेल. म्हणून आधी ‘डिसिलेक्ट ऑल’ दाबा. यादीत ‘जेमिनी’ नाव दिसेल आणि हात आपोआप तिकडे जाईल. त्यावर खूण करून लोक मोकळे होतात, आणि हाती येतात ते फक्त ‘जेम्स’, म्हणजे तुम्ही तयार करून ठेवलेले खास सहायक. संभाषणं त्यात नसतात. ती ‘माय ॲक्टिव्हिटी’त असतात. म्हणून ‘माय ॲक्टिव्हिटी’वर खूण करा, तिथल्या सेवांच्या यादीत पुन्हा सगळं काढून फक्त ‘जेमिनी ॲप्स’ ठेवा, आणि प्रकार म्हणून एचटीएमएल किंवा जेसॉन निवडा. वाचायचं असेल तर एचटीएमएल.

आलेली फाईल उघडल्यावर दचकू नका. तुमचा प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर ही इथे वेगळी नोंद असते, आणि सर्वांत नवी नोंद वर. एक सलग संभाषण म्हणून ते बांधलेलं नसतं, खालून वर वाचत जावं लागतं. म्हणून जेमिनीवरची दोन-चार महत्त्वाची संभाषणं एकेकटी वेगळी उतरवून ठेवा. एखादं उत्तर थेट गूगल डॉक्समध्ये पाठवायची सोय उत्तराखालीच आहे, तीही या कामाला बरी.

तपासणी: झिप आधी पूर्ण उलगडा, आतल्या आत उघडू नका. मग तीन संभाषणं शोधा: सर्वांत जुनं, सर्वांत अलीकडचं, आणि मधलं एखादं लांबलचक. तिन्ही सापडली तरच पुढे जा. जेसॉन फाईल नोटपॅडमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे-अक्षरं अशी माळ दिसली तर फाईल बिघडली असं समजू नका. प्रत्येक देवनागरी अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक आहे. ‘न’चा क्रमांक ०९२८. फाईलमध्ये अक्षराऐवजी तो क्रमांक लिहिलेला आहे, एवढंच. कुठलंही बरं साधन तो परत अक्षरात बदलतं.

वेळेचंही पाहा. जेसॉनमधल्या वेळा भारतीय नसतात, जागतिक प्रमाणवेळेच्या असतात. आपण ५ तास ३० मिनिटं पुढे. रात्री एक वाजता केलेलं काम आदल्या दिवसाच्या तारखेखाली दिसेल.

## टप्पा ४: बाहेरचं साधन लागतंय का, ते ठरवा

आता टप्पा १चा कागद काढा. ‘सगळं साठवून ठेवायचं’ एवढंच कारण असेल, तर तुमचं काम झालं. सरळ टप्पा ७वर जा. मी ज्यांना मदत करते त्यांतले निम्मे तरी इथेच थांबतात आणि त्यांना काही कमी पडत नाही.

एकच संभाषण नीट मांडून हवं असेल, वरचेवर उतरवून घ्यायचं असेल, किंवा शेकडो संभाषणांच्या वेगवेगळ्या टेक्स्ट फाईली हव्या असतील, तर साधन लागतं. त्याचे प्रकार, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

हाताने कॉपी. उत्तराखालचं कॉपीचं बटण दाबून टेक्स्ट फाईलमध्ये चिकटवायचं. ते बटण बहुधा मार्कडाऊनच देतं, त्यामुळे तक्ते आणि शीर्षकं टिकतात. माऊसने मजकूर निवडून कॉपी केलं तर तक्ता मोडू शकतो. दोन-चार संभाषणांसाठी यापेक्षा सुरक्षित काही नाही. फक्त आपले प्रश्नही कॉपी करा. नुसती उत्तरं ठेवली, तर वर्षाने कळत नाही की आपण विचारलं काय होतं.

ब्राऊझरचं प्रिंट. कंट्रोल आणि पी दाबून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’. मराठी अक्षरं इथे शाबूत राहतात, कारण अक्षरं जुळवायचं काम ब्राऊझर स्वतः करतो. पण लांब संभाषण अनेकदा अर्धवट येतं: पडद्यावर दिसणारा भाग छापला जातो, वरचा राहून जातो. पीडीएफचं पहिलं आणि शेवटचं पान बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पूर्ण पान एका फाईलीत. सिंगलफाईल हे मुक्तस्रोत एक्स्टेन्शन पडद्यावरचं पान चित्रांसकट एकाच एचटीएमएल फाईलीत बांधतं. ते वापरण्याआधी संभाषण अगदी वरपासून खालपर्यंत सरकवून घ्या, म्हणजे सगळा मजकूर लोड होतो.

संगणकावर चालणारं रूपांतराचं साधन. टप्पा ३मधली झिप घ्यायची आणि आपल्याच यंत्रावर तिच्या मार्कडाऊन फाईली करायच्या. शेकडो संभाषणांसाठी हाच मार्ग. पुढे मार्कडाऊनची वर्ड फाईल हवी असेल तर पॅनडॉक हे जुनं, फुकट साधन ते काम उत्तम करतं.

चॅटबॉटच्या पानावर बटण बसवणारी एक्स्टेन्शनं. सर्वांत सोयीची, म्हणून सर्वांत लोकप्रिय. पण ती तुमच्या लॉगिन केलेल्या पानात बसतात. यांच्यासाठीच पुढचा टप्पा आहे.

‘झिप इथे अपलोड करा’ म्हणणाऱ्या वेबसाईटी. यांचं नाव यादीतून काढा. तुमच्या दोन वर्षांच्या बोलण्यात तब्येतीचे रिपोर्ट असतील, भावकीतले वाद असतील, मुलीच्या लग्नाची बोलणी असतील. ती सगळी गाठोडी अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं काही कारण नाही.

सावधान: शेअरची लिंक आणि स्क्रीनशॉट ही जपण्याची साधनं नव्हेत. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ती वाचता येते. २०२५च्या जुलैअखेरीस चॅटजीपीटीवरून शेअर केलेली हजारो संभाषणं गूगलच्या शोधात येत असल्याचं उघड झालं. लोकांनीच ‘शोधात दिसू द्या’ या अर्थाच्या चौकटीत खूण केली होती, अनेकांनी तिचा अर्थ न कळता. नंतर कंपनीने ती सोयच काढून टाकली. स्क्रीनशॉटमधला मजकूर तर नीट शोधताही येत नाही.

## टप्पा ५: एक्स्टेन्शन बसवण्याआधी त्याची परवानगी वाचा

बसवताना ब्राऊझर एक छोटी चौकट दाखवतो आणि आपण न वाचता ‘ॲड’ दाबतो. ती चौकट वाचा. ‘सर्व वेबसाईटींवरची माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी मागणी असेल तर सोडून द्या. चॅटबॉटचं बोलणं उतरवायला बँकेचं पान वाचायची गरज नसते. फक्त त्या चॅटबॉटच्या साईटचं नाव लिहिलेलं असेल, तर पुढे विचार करा.

तारे आणि वापरणाऱ्यांची संख्या यांवर विसंबू नका. डिसेंबर २०२५मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की लाखो लोकांनी घेतलेलं, एक्स्टेन्शनांच्या दुकानात वरच्या दर्जाची खूण मिळालेलं एक फुकट व्हीपीएन एक्स्टेन्शन लोकांचं चॅटबॉटवरचं बोलणं गोळा करत होतं. त्याआधी २०२४च्या नाताळात काही चांगल्या एक्स्टेन्शनांच्या निर्मात्यांची खाती चोरांनी फसवून मिळवली आणि अपडेट म्हणून घातक आवृत्ती पाठवली. एक्स्टेन्शनं आपोआप अपडेट होतात. आज प्रामाणिक असलेलं साधन उद्या दुसऱ्याच्या हाती गेलं तर आपल्याला कळत नाही.

म्हणून मी लोकांना हे असं करून देते:

१. ब्राऊझरमध्ये वेगळं प्रोफाईल काढायचं. त्यात फक्त चॅटबॉटचं लॉगिन आणि फक्त हे एक्स्टेन्शन. बँक, ईमेल, डिजिलॉकर काही नाही.

२. एक्स्टेन्शनच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘साईट ॲक्सेस’ असतो. तिथे ‘ऑन क्लिक’ निवडायचं, म्हणजे आपण दाबू तेव्हाच ते पान वाचेल.

३. एक बिनमहत्त्वाचं संभाषण उघडायचं, वायफाय बंद करायचं आणि मग एक्स्पोर्ट दाबायचं. फाईल तयार झाली तर रूपांतर तुमच्या संगणकावरच होतंय. नाही झाली, तर तुमचा मजकूर आधी दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर जात असण्याची शक्यता आहे. अशा साधनाला इथेच नारळ द्या.

४. काम झालं की एक्स्टेन्शन बंद करायचं. काढून टाकलं तर आणखी बरं.

तिसऱ्या चाचणीने सगळंच सिद्ध होत नाही. नेट परत आल्यावर मागाहून मजकूर पाठवता येतो. म्हणूनच चौथी पायरी गाळू नका. निर्मात्याने गोपनीयतेची पाटी लिहिली आहे का, शेवटचं अपडेट केव्हाचं आहे, कोड उघडा आहे का, हेही बघा. दोन वर्षं हात न लावलेलं साधन चॅटबॉटचं पान बदललं की अर्धवट एक्स्पोर्ट करतं, आणि पुष्कळदा चूक झाल्याचं सांगतही नाही.

## टप्पा ६: मराठीची चाचणी घ्या

इंग्रजीत लिहिलेल्या तुलनांमध्ये ही चाचणी सहसा नसते, आणि आपल्यासाठी तीच निर्णायक आहे. इंग्रजीत झकास पीडीएफ देणारं साधन मराठीचे तीन तेरा करू शकतं.

एक नवं संभाषण सुरू करा आणि त्यात हे वाक्य घाला:

“तिसऱ्या दिवशी आम्ही दर्या पाहिला, मग दऱ्या पाहिल्या, ज्ञातीच्या ॲडव्हान्सचे ₹१,२५० श्रीफळ नि माटोळीच्या वस्तूंसाठी ऑफिसात दिले, ही स्थिती कार्यकर्त्यांना कळवली.”

मग चॅटबॉटला या वाक्यातल्या शब्दांचा एक तक्ता करायला सांगा. एक प्रश्न विचारून तो नंतर संपादित करून पुन्हा पाठवा. पोर्तुगीज कागदांचं काम करत असाल तर डोक्यावर नागमोडी रेघ असलेलं ‘ए’ आणि खाली शेपूट असलेलं ‘सी’ येईल असा एखादा पोर्तुगीज शब्दही टाका. आता हे संभाषण निवडलेल्या साधनाने उतरवा आणि भिंग घेऊन बसल्यासारखं बघा.

ऱ्हस्व वेलांटी. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी दिसायला हवी. ‘थ’च्या नंतर आली किंवा ‘स्’ आणि ‘थ’ वेगळे पडले, तर ते साधन अक्षरं न जुळवताच पीडीएफ करतंय. याला सेटिंगमध्ये औषध नाही. त्या साधनाकडून पीडीएफ न घेता मार्कडाऊन किंवा एचटीएमएल घ्या आणि पीडीएफ ब्राऊझरच्या प्रिंटने करा.

दर्या आणि दऱ्या. हा आपला खास घोळ आहे. हिंदीत हा अर्धा ‘ऱ’ लागत नाही, त्यामुळे साधन बनवणाऱ्यांच्या तो ध्यानात नसतो. काही कीबोर्ड ‘दऱ्या’ लिहिताना ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. काही साधनं मजकूर ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात अदृश्य चिन्हं झाडून टाकतात. मग डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. एक्स्पोर्टमध्ये दोन्ही शब्द सारखेच दिसले तर ते साधन बाद.

शोध. फाईल उघडून ‘माटोळी’ शोधा. पीडीएफमध्ये अक्षरं डोळ्यांना छान दिसतात, पण शोधल्यावर सापडत नाहीत, असं मराठीत वारंवार होतं. खात्री करायला पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे कचरा आला तर ती फाईल फक्त छापण्याच्या लायकीची. सोबत टेक्स्टची प्रत ठेवाच.

एक्सेल. साधनाने सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी टेक्स्ट फाईल, दिली आणि ती थेट दोनदा टिचकी मारून उघडली, तर मराठीच्या जागी डोक्यावर रेघा असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसू शकते. फाईल तशीच सेव्ह करू नका, सेव्ह केलीत की खरंच बिघडते. बंद करा, कोरी एक्सेल उघडा, ‘डेटा’मधून टेक्स्ट-सीएसव्ही आयात करा आणि लिपीच्या संकेतासाठी ‘६५००१ यूटीएफ-८’ निवडा.

संपादित प्रश्न. तुम्ही प्रश्न बदलून पाठवता तेव्हा संभाषणाला फांदी फुटते. जुना प्रश्न आणि त्याचं उत्तर मागे असतात, पण पडद्यावर दिसते ती एकच फांदी, आणि बहुतेक साधनं तीच उतरवतात. चॅटजीपीटीच्या जेसॉनमध्ये दोन्ही फांद्या असतात. जुनं उत्तर हवं असेल तर पडद्यावर बाण दाबून त्या फांदीवर जा आणि वेगळं उतरवा.

फोटो आणि जोडलेल्या फाईली. एक्स्पोर्टमध्ये त्या येतीलच असं धरू नका. तुम्ही दाखवलेले मूळ फोटो त्याच फोल्डरमध्ये हाताने ठेवा. चॅटबॉटने तयार करून दिलेल्या एक्सेल किंवा वर्ड फाईली तर त्याच वेळी डाऊनलोड करा. त्यांच्या लिंका थोड्याच वेळात मरतात आणि एक्स्पोर्टमध्ये लिंकचं नुसतं नाव उरतं.

या सहांपैकी पहिल्या तीन गोष्टींत, मार्कडाऊन किंवा टेक्स्ट घेऊनही, साधन नापास झालं, तर ते कितीही सुंदर दिसो, दुसरं घ्या.

## टप्पा ७: नाव द्या, लावून ठेवा, प्रती काढा

फाईलचं नाव रोमन अक्षरांत आणि आकडे पुढे: आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग विषय. आत मजकूर मराठीच असू द्या. नाव रोमन ठेवायला सांगते, कारण देवनागरी नावांच्या फाईली झिप करून दुसऱ्या संगणकावर उलगडताना नावं कधी कधी फुटतात. प्रत्येक फाईलच्या डोक्यावर तीन ओळी लिहा: कुठला चॅटबॉट, कुठलं खातं, कशासाठी. चॅटबॉटने सांगितलेलं तुम्ही पडताळलं असेल तर तेही. ‘सर्व्हे नंबर वन-फोर्टीनच्या उताऱ्याशी ताडून पाहिला’ अशी एक ओळ (वन-फोर्टीन म्हणजे गोव्यातला जमिनीच्या हक्काचा उतारा) वर्षभराने फार मोलाची ठरते.

खूप फाईली झाल्या तर ऑब्सिडियन किंवा जोपलिन ही टिपणं ठेवायची ॲप वापरा. मार्कडाऊनचा फोल्डर दिला की सगळीकडे एकदम शोध घेता येतो.

प्रती तीन असाव्यात. एक संगणकावर, एक पेनड्राईव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर, क्लाऊडवर किंवा दुसऱ्या नातलगाकडे. क्लाऊडवर ठेवताना खाजगी मजकुराची सेव्हन-झिपने पासवर्ड घालून गाठोडी करा. तो पासवर्ड हरवला तर कुणालाही ती उघडता येणार नाही, म्हणून वहीत लिहून कागदपत्रांच्या कपाटात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात उघड्या पडलेल्या पेनड्राईव्हचं टोक गंजतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीबरोबर ठेवा.

दुसऱ्याला पाठवण्याआधी मात्र वेगळी प्रत काढून तिच्यातले आधार क्रमांक, फोन नंबर आणि दुसऱ्यांची नावं खोडा. मूळ प्रतीला हात लावू नका.

## टप्पा ८: पुसायचं ते सर्वांत शेवटी

संभाषण किंवा खातं पुसणं ही शेवटची पायरी. चॅटजीपीटीवर पुसलेलं संभाषण यादीतून ताबडतोब जातं आणि कंपनीच्या यंत्रणेतून साधारण ३० दिवसांत. मधल्या काळात ते परत मिळवायची सोय तुमच्या हाती नसते. यादी लांबली एवढंच कारण असेल तर पुसण्याऐवजी ‘अर्काइव्ह’ करा. संभाषण नजरेआड जातं, पण राहतं.

पुसण्याआधी एकदा शेवटची चाचणी घ्या. ज्या संगणकावर एक्स्पोर्ट केला तो सोडून दुसऱ्यावर पेनड्राईव्ह लावा. नेट बंद करा. चॅटबॉटमध्ये लॉगिन न करता फाईल उघडा आणि त्या संभाषणातला असा एक शब्द शोधा जो दुसरीकडे कुठे नसेल.

डिचोलीच्या त्या गृहस्थांनी दुसऱ्या वेळी हे सगळं असंच केलं. त्यांनी शोधायला शब्द घेतला ‘पाणंद’, त्यांच्या चतुःसीमेतला पूर्वेचा. वाचनालयाच्या जुन्या संगणकावर, नेटची वायर काढून ठेवून, तो तीन ठिकाणी सापडला. त्यानंतरच त्यांनी मोबाईलवरची यादी आवरायला घेतली.